पेन उचलायचं नाही

५ जानेवारी १९९२, रविवार

वर्गात सर म्हणे लिहिलेलं खोडायचं नाही! आणि कारखान्यात मास्टरचं सकाळपासून एकच – "गोमा, शिलाई उसव, परत मार." ऐकू कोणाचं?

अंबरनाथच्या वाचनालयात शरदचंद्र सरांचा वर्ग. दहा मिनिटं पेन उचलायचं नाही. मनात येईल ते लिहायचं. सुचलं नाही तर 'सुचत नाही' हेच लिहीत जायचं. आज विषय पाणी. चार ओळी नुसतं सुचत नाही, सुचत नाही. पाचवीत आवडी हंडा घेऊन उभी! विषय काही द्या, तीच येते. आमची सुपारी फुटून दीड वर्ष झालं. देज, म्हणजे मुलीच्या बापाला द्यायचे पैसे, फिटलं की लग्न. महिन्याला दीडशे तिच्या बापाला धाडतो.

सर म्हणाले, "हे तिलाच पाठव."

तिला कुठे वाचता येतं? कान्हा वाचून दाखवील. माझा चुलतभाऊ. आमच्या वाडीत सातवी शिकलेला तो एकच.

९ जानेवारी

पानं टाकली पोस्टाच्या पेटीत. शेठने लिहिताना पकडलं. "अरे शायर! पहले धागा काट." सगळे कारीगर हसले. मीपण. जीन्सचा निळा रंग बोटांवरून कागदाला लागतो, जात नाही.

१८ जानेवारी

कान्हाचं पत्र! "आवडी एकेक पान तीन-तीनदा वाचायला लावते. तुझ्या अक्षराने डोळे गेले माझे, गोम्या. अजून धाड."

सहा पानं लिहिली. हात थांबेना.

२ फेब्रुवारी

कान्हाचं पत्र नाही. सुचत नाही.

१० फेब्रुवारी

काल वाडीवर गेलो. कल्याणहून एसटी, घाट चढून पुढे चालत. आवडी विहिरीवर भेटली. माझं तोंड बंद!

"बोल ना," ती म्हणाली. "कागदात तर थांबत नव्हतास."

मी म्हटलं, "एसटी लेट होती."

ती हसली. मग हसायची थांबली. "कान्हा वाचतो तवा वाटतं, माणूस समोर बसून बोलतंय." विहिरीत बघत म्हणाली, "रागावू नको. मला आता तोच बोलतोय असं वाटतं. बापालाबी सांगितलंय, लगीन त्याच्याशीच."

शब्द माझे. आवाज त्याचा. तसाच कान्हाकडे गेलो. घरामागे लपला होता. ओढून बाहेर काढला. रडायला लागला गाढव. मारायचं राहून गेलं.

१६ फेब्रुवारी

वर्गात सर – "थांबू नकोस, लिही." अख्खं पान सुचत नाही. सुचत होतं, तेच लिहायचं नव्हतं.

२१ फेब्रुवारी

मास्टरकडून उसवायचंच काम मागून घेतलं. दोऱ्याचं टोक धरून ओढलं की शिलाई भरकन सुटते. बरं वाटतं. नाही, नाही वाटत. वाडीवरून आल्यापासून कशानेच वाटत नाही.

६ मार्च

परवा आवडी-कान्हाची हळद. पोस्टात गेलो. मनिऑर्डर, कान्हाच्या नावाने. खाली निरोपाला दोन बोटं जागा. पेन टेकवलं. उचललं.

एकशे एक रुपये.