गितारोन फुटलं

३ नोव्हेंबर

आधी घरच्यांची खुशाली. माझा गुडघा ठीक. सून यादिराची बरगडी जुळत आलीय, पण शिंक आली की भिंत धरते. ओठाचे टाके निघाले. व्हायोलिन मात्र गेलं – नेस्टरने गाडीच्या बॉनेटवर आपटून त्याच्या कपच्या केल्या. नेस्टर कसा आहे, ठाऊक नाही. माझाच मुलगा. पण कोर्टाने त्याला बायकोजवळ फिरकायची बंदी केलीय, म्हणून सून माझ्याकडे आणि तो कुठे झोपतो कोण जाणे.

कॉलेजने तिला दुसरं व्हायोलिन वापरायला दिलं. मारियाचीच्या, म्हणजे आमच्या मेक्सिकन वाजवण्याच्या, वर्गात आम्ही सासू-सून शेजारी बसतो. क्विंतानिया सर म्हणाले, "ओर्तेन्सियाबाई, कागदाकडे बघा, माझ्याकडे काय बघता?" म्हटलं, "सर, कागदावर नुसत्या मुंग्या दिसतात. तुमचा चेहरा निदान ओळखीचा आहे." हे गितारोन, पोटुशा बाईसारखं फुगलेलं मोठं गिटार, नवऱ्याने मला कानाने शिकवलं. आता नोटेशन शिकायचं म्हणजे म्हातारपणी दात येण्यातला प्रकार.

९ नोव्हेंबर

यादिराची परीक्षा ४ डिसेंबरला. परीक्षकांसमोर एकटीने वाजवायचं. पास झाली तर सॅन अँटोनियोच्या विद्यापीठात जागा – नेस्टरपासून लांब. परीक्षेची वेळ वर्गाच्या दारावर लावलीय, कोणीही वाचावी. मला ते रुचलं नाही.

१५ नोव्हेंबर

डाव्या तळव्याला पट्टी. उजव्याने लिहितेय.

आज वर्गाला एका लग्नाच्या वाढदिवसाला वाजवायला बोलावलं होतं. मेजवानीत आम्ही फर्माईश नाकारत नाही, मागणारा कोणीही असो. ट्रम्पेटवाला वेस्ली येऊन म्हणाला, "व्हायोलिनवालीसाठी कोणीतरी निरोपाचं गाणं मागितलंय." आणि गुणी बाळाने सुरूही केलं! त्याला ते पुस्तकातलं एक गाणं. आमच्यात ते शवपेटी खाली सोडताना वाजवतात. जित्या माणसाच्या नावाने मागितलं, तर अर्थ एकच.

मी हात थांबवला. वळून बघते तर बारजवळ नेस्टर. हातात फुटकी बाटली.

"वाजव की आई," म्हणाला. "तुझ्या सुनेला पोचवायचंय."

केस धरून त्याने तिला खुर्च्यांमधून फरफटत नेलं. बाटली गळ्याकडे गेली. मी मध्ये हात घातला, तळवा चिरला. मग गितारोन उचललं आणि पोटच्या पोराच्या तोंडावर हाणलं. लाकूड फुटलं. त्याचं नाकही. रक्त थुंकत म्हणाला, "परीक्षेच्या दिवशी बघतो." आणि कांद्याच्या शेतातून पळाला.

२२ नोव्हेंबर

पोलिसांना सापडत नाही. यादिराला म्हटलं, "परीक्षा मरू दे, बहिणीकडे जा."

"आई, परीक्षा सोडली तर हात न लावताच जिंकला की तो."

दिवसभर तीच एक ओळ घासतेय. बरगडी धरून.

२ डिसेंबर

नेस्टरचा फोन. संत्र्याच्या बागेत, पंपाच्या खोलीत लपलाय. "थंडी आहे गं आई. भूक लागलीय. तामाले आण." नाक अजून चोंदलेलं, बोलण्यात कळत होतं. विचारलं, "परवा काय करणारेस?"

"बंदूक मिळालीय," म्हणाला. लहानपणी कटलेला पतंग मिळाला की सांगायचा, तसंच.

तिथेच थांब म्हटलं. मक्याच्या पानात उकडलेले, त्याच्या आवडीचे तामाले करते म्हटलं.

४ डिसेंबर

यादिराने वाजवलं. पास. दारात कोणी आलं नाही.

१० डिसेंबर

नेस्टरला तुरुंगाच्या पत्त्यावर पत्र टाकलं. पंपाची खोली पोलिसांना मीच सांगितली, तामाले मी केलेच नाहीत, हे माझ्या हाताने लिहिलं. पकडताना गोळी लागली तो पाय कसा आहे, विचारलं. शेवटी लिहिलं – वाचलंस की लगेच उत्तर पाठव, नुसत्या शिव्या लिहिल्यास तरी चालेल.