चौथ्या रिळानंतर तिसरं

मी, फेलिशिया फर्डिनंड तुस्कानो, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार गिरीज, ता. वसई, जि. पालघर, हे मृत्युपत्र स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. जीव मात्र थाऱ्यावर नाही. हा कागद मी तिसऱ्यांदा लिहिते आहे आणि दर वेळी कलम चारपाशी अडते.

१. घर व केळीची वाडी मुलगा क्लेटन यास. बिल्डरला देऊ नये. असं लिहून काही होत नाही हे शेजारच्या उमेळे गावात पाहिलं आहे, तरी लिहिते.

२. शिवणयंत्र शेजारीण हंसा हिला. तिने ते आधीच नेलं आहे, परत मागू नये.

३. दीर पास्कल यांना काहीही नाही. सख्ख्या भावाला ‘पडदेवाला’ म्हणून हिणवलंत आणि दर वर्षी पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसलात.

४. प्रोजेक्टर व फिल्मची चार रिळं नात ॲनिशा हिला. ही जुनी परदेशी अंतराळफिल्म माझे पती फर्डिनंड यांनी भंगारातून आणली. गावच्या चर्चच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी ते ती आमच्या अंगणात लावत आणि पडद्याशेजारी उभी राहून मी गोष्ट आमच्या बोलीत सांगत असे. एक माणूस एकटाच दूरच्या ताऱ्याकडे जातो. तिसऱ्या रिळात त्याला घर आठवतं: आई दार उघडते, तो पाय धुऊन जेवायला बसतो. चौथ्यात यान जातच राहतं, पडदा पांढरा होतो, फिल्म संपते.

पहिल्या वर्षी रिळांच्या डब्यांच्या झाकणांची अदलाबदल झाली आणि तिसरं रीळ शेवटी लागलं. माणूस घरी परतला. लोक खूश होऊन गेले. पुढच्या वर्षी आम्ही चूक सुधारली, तेव्हा माझी चुलत जाऊ रोझमेरी उभी राहिली. तिचा मुलगा जहाजावर गेला होता, त्याचा पत्ता नव्हता. ती म्हणाली, “फेलिश, गेल्या वर्षी आलेला तो. यंदा कुठं ठेवलास त्याला?”

त्यानंतर एकतीस वर्षं आम्ही चुकीचा क्रमच लावला. तेवढ्या इंधनात यान परतणं अशक्य, हे वर्गात शिकवणारी मी अंगणात त्याला घरी आणत राहिले. याची मला लाज वाटते आणि वाटतही नाही.

ॲनिशा सिनेमा शिकते. तिने खरी फिल्म पाहिली आणि मला म्हणाली, “आजी, तुम्ही त्या फिल्मचा मर्डर केलाय. त्या पांढऱ्या पडद्यासाठी तर जग तिला मानतं. माणूस किती छोटा आहे, ते तिथेच कळतं ना.” मला राग आला, कारण तिचं बरोबर आहे. म्हणून आधी या कलमात अट लिहिली होती: रोझमेरी हयात असेतो आपलाच क्रम लावावा.

आज साक्षीदार म्हणून रोझमेरीलाच बोलावलं, दुसरं कोण आहे मला. तिने सही करण्याआधी वाचून दाखव म्हटलं. घाबरत वाचलं. ती म्हणाली, “तो येत नाय, ते मला दुसऱ्याच वर्षी कळलेलं. माझा पन येत नाय. पन सगळं अंगण त्याची वाट बघतं ना, ते बघायला मी येते.”

सबब वरील अट मी रद्द करते. यंदापासून रिळं खऱ्या क्रमाने लावावीत. गोष्ट ॲनिशाने सांगावी. पडदा पांढरा झाल्यावर तिने गप्प राहावं आणि रोझमेरी उठेपर्यंत कोणीही दिवे लावू नयेत.

हे मी वाचून, समजून सही केली.

फेलिशिया फ. तुस्कानो

साक्षीदार:
१. रोझमेरी जुजे तुस्कानो, गिरीज
२. डॉ. ज्ञानदा राऊत, आचोळे

स्थळ: गिरीज, वसई
दिनांक: ३ फेब्रुवारी २०२५