पाळणाघर म्हणायचं नाही

२ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. काल पालकसमितीने मला एकमताने अध्यक्ष केलं. मी फोन घ्यायला बाहेर गेलो होतो, आत आलो तर टाळ्या चालू!

काम किरकोळ आहे. मावशी आमची पोरं स्वतःच्या घरी सांभाळायच्या, आमची ठकीही सकाळचे दोन तास तिथेच असायची. आता त्यांचा लेक-सून तिथे राहायला येतायत, म्हणून आम्ही पालकांनी कोपऱ्यावरचा हॉल भाड्याने ठरवला. घरमालकाची अट एकच. पंधरा तारखेच्या आत बोर्ड लावून जागा सुरू करा, दुसरी गिऱ्हाइकं तयार आहेत. बोर्डवर नाव काय, एवढंच ठरवायचंय. एका चहात उरकतो.

सोळाला ही कामावर रुजू होणार. ठकी झाल्यावर लॅब सोडली ती सोडलीच, आता परत बोलावलंय. ही म्हणाली, त्या दिवशी ठकीची सोय नसेल तर नोकरी गेली समज. उगाच टेन्शन घेते.

४ सप्टेंबर, बुधवार
पहिली मीटिंग. उत्तम झाली. निर्णय झाला नाही.

हिने 'मावशींचं पाळणाघर' सुचवलं. बायको असली तरी अध्यक्ष या नात्याने मी ते तत्काळ फेटाळलं. पाळणाघर म्हणजे नुसतं सांभाळणं. या वयात मेंदूचं काय काय होतं यावर मी एक व्हिडिओ पाहिलाय, अर्धा. डेंटिस्टबाईंना 'अर्ली लर्निंग सेंटर' हवंय. मागून कोणी 'बालवाडी' म्हटलं, तर वकील म्हणाले, वाडी कुठाय, हॉल आहे.

मावशींना विचारायचं राहिलं. त्या चहा करत होत्या.

८ सप्टेंबर, रविवार
रात्रभर विचार करून तोडगा काढला. 'शिशुसंगोपन व प्रारंभिक शिक्षण केंद्र'. सगळ्यांचं सगळं त्यात.

वकील म्हणाले, शिक्षण आधी, संगोपन नंतर. डेंटिस्टबाई म्हणाल्या, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, त्याला शिशु म्हणू नका. मावशी म्हणाल्या, एवढं नाव घेईस्तोवर पोर चड्डीत करून मोकळं होईल. सगळे हसले. विषय गंभीर होता.

घरी येताना ही म्हणाली, बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. मी दुर्लक्ष केलं. नेत्याला करावं लागतं.

११ सप्टेंबर, बुधवार
समितीत दोन तट पडलेत, सांभाळणारे आणि शिकवणारे. वकील आणि डेंटिस्टबाई दोघंही शिकवणारे, पण मराठी की इंग्रजी यावरून बोलणं बंद. निरोप माझ्यामार्फत जातात. मी दुवा आहे. दोन्हीकडून शिव्या खातो.

सांभाळणाऱ्यांची पुढारी आमच्याच घरात. जेवताना मीठ मागितलं, तर म्हणाली, सुशिक्षित माणसाने हाताने घ्यावं.

पण आज मास्टरस्ट्रोक! घरमालकाला बोर्ड हवाय. नाव हवंय असं तो कुठे म्हणाला? बोर्ड आत्ता लावायचा, नाव मागाहून. पेंटरला सांगितलं, फुलं काढा, हसरी पोरं काढा. घोळ नको म्हणून मेसेजही टाकला : नाव ठरेपर्यंत जागा रिकामी.

हिला सांगितलं नाही. सरप्राइज.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
बोर्ड लागला! ऑफिसला जाता जाता स्कूटरवरून लांबून पाहिला. पिवळी फुलं झकास. खाली अक्षरं पण दिसली. पेंटर हौशी दिसतोय, सुविचार टाकला असेल.

१४ सप्टेंबर, शनिवार
सुविचार नव्हता.

हसऱ्या पोरांच्या खाली बारीक अक्षरात 'नाव ठरेपर्यंत', आणि त्याखाली हे एवढ्या ठळक लाल अक्षरात 'जागा रिकामी'. पेंटरला झाप झाप झापलं. तो म्हणाला, तुमचाच मेसेज आहे साहेब, एक काना मात्रा बदललेला नाही.

काल दिवसभर लोक घरमालकाकडे चौकशीला. त्याला वाटलं, आम्ही माघार घेतली. संध्याकाळी हॉल वजन कमी करण्याच्या क्लासला दिला. मी हातापाया पडलो. तो म्हणाला, बोर्ड तुमचाच ना? हो म्हणावं लागलं.

मावशी रागावतील असं वाटलं होतं. त्या फक्त म्हणाल्या, बरं. पलीकडच्या पेठेतल्या पाळणाघरात त्यांना काम मिळालंय. तिथे मुलांसाठी मात्र जागा रिकामी नाही, मी विचारून आलो.

हिला कसं सांगू?

१५ सप्टेंबर, रविवार
सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. इस्त्री करत राहिली.

१६ सप्टेंबर, सोमवार
सकाळी ही डबा घेऊन निघाली. मी म्हटलं, अगं, ठकी? म्हणाली, तू आहेस ना. लिफ्टसुद्धा लगेच आली.

ठरवलं, आजचा दिवस शिक्षणाचा. रंगांची कार्डं मांडली. ठकीने लाल चावलं, निळं कमोडमध्ये टाकलं. मग मावशी हव्या म्हणून भोकाड. भात भरवायला घेतला तर तो भिंतीवर. झोपवायला गेलो, मीच झोपलो. उठलो तेव्हा ती ओट्यावर चढून डबे पाडत होती. धावत जाऊन खाली उतरवलं.

तेवढ्यात ऑफिसातून साहेबांचा फोन. अचानक रजा का? समितीत मी इतके शब्द सुचवले होते, एक आठवेल तर शपथ. म्हटलं, पोरीला सांभाळायला कोणी नाही, साहेब.

ते म्हणाले, एवढंच ना? मग मोकळेच आहात की. घरून रिपोर्ट करून पाठवा, पोर खेळेल आपली आपली.

एवढंच नाही हो, असं म्हणायचं होतं. पण ठकीने पुन्हा गळा काढला, आणि मी हो हो म्हणून फोन ठेवला.