काचपट्ट्या रेइंडरला देऊ नयेत

मी, आल्बर्टा दुइन्कर, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त सूत्रकृमितज्ज्ञ, राहणार फोर्मेरम, टेर्स्खेलिंग बेट, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे, मूत्रपिंडं नाहीत. डॉक्टरीणबाईंनी वसंतापर्यंतची मुदत दिली आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. घालायला टपलेला एक जण आहे, त्याचं नाव पुढे येईल.

कलम १. घर व बँकेतली शिल्लक भाची मार्खियेला. माझ्या पडद्यांना ती नावं ठेवते. आता खुशाल बदल म्हणावं.

कलम २. सूक्ष्मदर्शक गावच्या शाळेला. खिशातल्या रुमालाने भिंग पुसणाऱ्या मास्तरांच्या हाती पडू नये.

कलम ३. समुद्रकाठच्या वाळूतल्या गवताच्या मुळांना गाठी आणणारा एक सूत्रकृमी, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा धाग्यासारखा किडा, मला सापडला आहे. ही जात अजून कोणी नोंदवलेली नाही. मादीच्या शेपटाकडची कातडी कापून काचेवर बसवली की तिच्यावर बोटांच्या ठशासारख्या रेघा दिसतात. त्यांवरून जात ओळखतात. अशा एक्केचाळीस काचपट्ट्या निळ्या डब्यात आहेत. त्या संग्रहालयाला द्याव्यात. रेइंडर पोस्टमाला देऊ नयेत, दाखवूही नयेत.

कारणही लिहिते. आम्ही एकाच प्रयोगशाळेत होतो. बत्तीस वर्षांपूर्वी याच वाळूतल्या गवतावरचा, म्हणजे हेल्मवरचा, दुसरा एक सूत्रकृमी मी याला विश्वासाने दाखवला, आणि वर्षभरात तो छापून आला याच्या एकट्याच्या नावाने. आता हाच माणूस दर शनिवारी खारा हेरिंग घेऊन येतो आणि कांदा चिरता चिरता डब्याकडे बघतो. इतकी वर्षं मासा आठवला नाही, माझे दिवस भरल्यावर बरा आठवला!

गेल्या शनिवारी म्हणाला, "बेर्टा, एकाच मादीच्या अंडीपुंजक्यापासून वाढवलेत ना गं हे किडे? वाळूत एकाच मुळावर दोन-दोन जाती असतात."

"मला शिकवू नकोस. शंका काढून माझा वेळ खाणार, आणि मी गेले की डबा तुझ्या बगलेत!"

"अगं, एकदा बघ तरी."

कलम ३, दुरुस्त. वरचं काल लिहिलं. आज त्याचं तोंड कायमचं बंद करायचं म्हणून सगळ्या पट्ट्या पुन्हा पाहिल्या. सोळा पट्ट्यांवर त्या हेल्मवाल्या जुन्या जातीच्याच रेघा निघाल्या. आधी वाटलं, यानेच बदलल्या. पण चिठ्ठ्यांवर अक्षर माझं. किडे वाढवायच्या तीन कुंड्यांत मी गाठींची अख्खी मुळं पुरली होती. एकच पुंजका वेगळा काढून कोवळ्या रोपावर सोडायचा, हे नव्या पोरांना जन्मभर मीच बजावत आले. मरायची घाई झाली, दुसरं काय. लाज वाटते.

उरलेल्या पंचवीस नव्या जातीच्या आहेत असं माझे डोळे सांगतात. पण शुद्ध वंश वाढवल्याशिवाय कोणी मानणार नाही. एका पिढीला दोन महिने, निदान तीन पिढ्या हव्यात. तेवढे दिवस मला नाहीत.

रेइंडरला फोन करून सगळं सांगितलं. हसेल वाटलं, हसला नाही. मी विचारलं, "तुला डबा कशाला हवाय? खरं बोल."

म्हणाला, "जातीला स्वतःचं नाव देत नाहीत, हा आपल्यातला रिवाज. तू छापलंस तर तुझं नाव तिला कधीच लागणार नाही. मी छापलं तर लागेल. ते हेल्मवालं मी खाल्लं गं बेर्टा. अजून पचलेलं नाही."

मी फोन ठेवून रडले. याचा अर्थ मी भोळी झाले असा कोणी घेऊ नये.

कलम ४. निळा डबा, तिन्ही कुंड्या व वह्या रेइंडर पोस्टमाला द्याव्यात. सामान मार्खियेने मोजून द्यावं, त्याची सही घ्यावी, आणि छापण्याआधी लेख तिला दाखवावा. लेखक म्हणून माझं नाव घालू नये. त्याचं एकट्याचं चालेल.

आणि रेइंडर, तिसऱ्या पिढीतही रेघा या पंचवीस पट्ट्यांशी जुळल्या नाहीत, तर माझी दया येऊन नाव देऊ नकोस. खोट्या जातीला माझं नाव नको.

सही: आल्बर्टा दुइन्कर

साक्षीदार:
१. ट्येर्ड कूपर, पाववाले
२. इल्से फान डेर मेर, घरी येणाऱ्या परिचारिका

फोर्मेरम, १२ नोव्हेंबर २०१९