परतीच्या तारखेत बदल नाही

सोमवार, ३

बायकोला सकाळच्या गाडीत बसवून दिलं. तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. जाणं आज, येणं पुढच्या बुधवारी, बारा तारखेला, आसन सतरा. तिकीट मीच डेपोतल्या माझ्या तिकीट-खिडकीवर काढलं — महिनाभर आधी, सवलतीचं, जाऊन-येऊन. स्वस्त म्हणून नाही! सवलतीच्या तिकिटाची परतीची तारीख बदलत नाही, म्हणून.

महागाचं तिकीट काढलं की तीन महिन्यांत कधीही परत या. पहिल्या बायकोला मी तसलंच दिलं होतं. पाच वर्षं झाली, तिचे तीन महिने काही संपले नाहीत! एकदा दुधानं तोंड पोळलं. आता ताकही फुंकून प्यायचं.

मंगळवार, ४

चहा स्वतः केला. बेचव.

बुधवार, ५

खिडकीवर एक कॉलेजची मुलगी रडकुंडीला आली. परीक्षा पुढे गेली, परतीचा एकच दिवस बदलून द्या. नाही म्हणजे नाही. तिच्या मागच्या माणसाला स्वतःऐवजी भावाला पाठवायचं होतं. म्हटलं, "खुशाल पाठवा. आम्ही नाव लिहीतच नाही. तिकीट माणसाचं नसतं, आसनाचं असतं." माझं हे वाक्य सगळ्या डेपोला पाठ आहे. शेजारच्या खिडकीवरचा चष्मेवाला तर माझी नक्कल करून दाखवतो. करू दे.

गुरुवार, ६

तिचा फोन. "अहो, आईची पट्टी अजून सुटली नाही. चार दिवस वाढवता येतील का?"

"नाही."

"तुम्हीच तर खिडकीवर बसता..."

"म्हणूनच नाही."

खरं तर अडीअडचणीला खिडकीवाल्याच्या एका सहीनं तारीख बदलते. ते मी कुणाला सांगत नाही. सही माझी आहे.

तिच्या मागे कुणीतरी बोलत होतं. बाईचा आवाज, पण सासूबाईंचा नव्हे. विचारलं तर म्हणे, "शेजारच्या ताई आल्यात."

शनिवार, ८

सुतार बोलावला. मागच्या खोलीच्या दाराला कडी बसवून घेतली. बाहेरून. सुतार भोचक! "साहेब, इथं आधीही कडी होती वाटतं. भोकं दिसतात." मी म्हटलं, "तुम्ही आपल्या कामाशी काम ठेवा." होतीच. दुसऱ्या लग्नाच्या आधी मीच काढून टाकली होती. म्हटलं, आता गरज पडणार नाही.

पण हिची सवय वाईट. बोलाचाली झाली की सरळ रस्त्यावर. मागच्या महिन्यात अनवाणी चौकापर्यंत गेली. मी दंडाला धरून आणली, तर लोक खिडक्यांतून बघत होते. माझी अब्रू काय राहिली? खोलीत एक दिवस बसलं की डोकं थंड होतं. पहिलीचंही व्हायचं.

रविवार, ९

बायकोची सर्टिफिकिटं पत्र्याच्या पेटीत आहेत, किल्ली माझ्या खिशात. कागदांशिवाय नोकरी कोण देणार? जाते कुठे!

पेटी पाहिली, सगळं जागेवर. मग कपाट लावायला घेतलं. खणातल्या कागदाखाली पहिलीचं परतीचं तिकीट असायचं. न वापरता तिनं पोस्टानं परत पाठवलं होतं. मागे फोन नंबर, आणि "काही बोलायचं असेल तर". मी कशाला बोलतोय! पण ठेवलं होतं.

सापडलं नाही. तिन्ही खण उपसले. उंदरांनी नेलं असेल.

सोमवार, १०

आज तिनंच फोन केला. आवाज मऊ. दिवस वाढवायचं नावसुद्धा नाही!

"बारालाच ना हो? सतरा नंबर? आणि तिकिटावर नाव नसतं ना?"

एवढी वर्षं माझ्याशी संसार करून हे विचारते! पाच मिनिटं समजावलं. नाव नाही, फोटो नाही, आसन दाखवायचं आणि बसायचं.

"मग बरं. सतरा नंबर रिकामा येणार नाही," म्हणाली. शेजारचा अठरा मोकळा आहे का, तेही विचारलं. पिशवी ठेवायला असेल. पाहिलं तर तो सकाळीच विकला गेलेला.

वठणीवर आली. मी म्हणतच होतो, नियम पक्का असला की माणूस आपोआप सरळ होतो. मन हलकं झालं.

मंगळवार, ११

कडी कुरकुरत होती. तेल दिलं. आता अजिबात आवाज नाही.

बुधवार, १२

गाडी वेळेवर आली. सतरा नंबरवरून उतरली ती माझी पहिली बायको. अठरावरून पोलीसबाई.

"तिची सर्टिफिकिटं न्यायला आलेय," पहिली म्हणाली. मी ओरडलो, हे तिकीट तुझं नाही! चष्मेवाल्यासकट सगळा डेपो ऐकत होता. ती शांतपणे म्हणाली, "तिकीट आसनाचं असतं." मग पोलीसबाईंना म्हणाली, "घरी चला. मागची खोली दाखवते."

आता पोलीसबाई माझ्याकडून किल्ली घेऊन बाहेर पेटीतले कागद तपासतायत. मला म्हणाल्या, तोवर मागच्या खोलीत बसा. ही वही घेऊन बसलो. पाणी प्यायला उठलो, दार ढकललं. उघडत नाही. कडी कधी घातली, ऐकूच आलं नाही.