शेवटच्या तंबूचा हक्क

प्रिय दादा,

नऊ तंबू, दुहेरी शिवणीचे. त्यांच्या सगळ्या खुंट्या, सळई कापून, टोकं घासून. तेलाच्या डब्यांच्या दोन चुली, वाऱ्यात न विझणाऱ्या. कंदील टांगायची तिपाई. पाण्याच्या पिंपाला बसवलेली तोटी, जी आजवर एकदाही गळली नाही. आणि तुझ्या कंबरेसाठी घडीची खाट, जिच्यावर पडल्या पडल्या तू म्हणायचास, "मध्या, डावा पाय जरा बुटका झाला रे." झाला नव्हता. मी मोजून पाहिला होता. जमीन उतरती होती.

हे सगळं मी कुणाकडं न शिकता केलं, हे तुला सांगायला नको. पण काल अधारतालला विवेककडं जी मीटिंग झाली, तिथं मी फार कमी बोललो. उरलेलं पोटात ठेवून झोप लागत नाही, म्हणून तुला लिहून राहिलो.

विषय एकच होता. आपल्या कॅम्पला नाव काय द्यायचं?

तू गेल्यानंतरचा हा पहिला डिसेंबर. मला वाटलं होतं, किती घरं येणार, ट्रक कुणाचा, तंबू ठोकायला कुंडमच्या शेतवाल्याशी कोण बोलणार, हे ठरवतील. ते राहिलं बाजूला. सतरंजीवर गोल करून बसले आणि नावं काढायला लागले. बाळ नाही, पाळणा नाही, आणि हे बारशाचे पेढे वाटून राहिले!

काय एकेक नावं! एकीनं फोनला विचारलं. फोननं तिला लगेच वीस नावं दिली, आणि तिनं ती वीसच्या वीस वाचून दाखवली, वर प्रत्येक नावानंतर आमच्या तोंडाकडं पाहिलं. कुणी म्हणालं, "वाइल्ड नर्मदा." मी विचारलं, कुंडमच्या त्या रानात नर्मदा कशी आणणार, टँकरनं? एका जवान माणसानं "सह्याद्री वीर" सुचवलं. आपण विंध्य-सातपुड्याच्या मधे जन्मलो, इथंच मरणार, आणि याला सह्याद्री पाहिजे. मी म्हटलं, बाबा, तू पाहिलास का सह्याद्री? तर म्हणतो, "रील में देखा है, काका."

यांच्या हाती आपला कॅम्प देऊन तू निघून गेलास. विचार तरी करायचास!

मधे खोव्याची जिलेबी आली. तेवढा वेळ मात्र सगळे शहाण्यासारखे गप्प बसले.

दादा, तुला आठवतात का आपली नावं? पहिल्या वर्षाचा "उलट्या तंबूचा कॅम्प", कारण तू शाळेत पोरांना कवायत शिकवणारा मास्तर असून तंबूची आतली बाजू बाहेर करून उभा केलास. मग "बिनमिठाचा." मग "अस्वलाचा", ज्यात बारा माणसांनी ताटं बडवून झुडपातलं अस्वल पळवलं आणि थोड्या वेळानं गावातली बाई आपली म्हैस शोधत आली. "वहिनी रागावल्याचा" तर दोन वेळा झाला. एकही नाव आधी ठेवलेलं नव्हतं. कॅम्प संपला, सामान ट्रकवर चढलं, की नाव. आणि तुझा नियम, जो शेवटचा तंबू गुंडाळेल त्यानंच नाव द्यायचं, बाकीच्यांनी ऐकून घ्यायचं.

तीसेक वर्षं तो मीच. कोण दुसरा? यांची गुंडाळी पाहिलीस कधी? अंगावरचं पांघरूण लाथेनं ढकलावं तशी. कापडाची घडी शिवणीवर पडू द्यायची नाही, एवढं एक यांना समजत नाही. म्हणून मी शेवटपर्यंत थांबायचो आणि नाव माझ्याकडं यायचं. मला त्याचा अभिमान होता. तुला माहीत होतं ते.

जिलेबी संपल्यावर विवेकनं घसा साफ केला. हा तुझा लाडका विद्यार्थी आता बँकेत साहेब आहे, घसाही साहेबासारखाच साफ करतो. म्हणाला की नावाशिवाय आजकाल काही चालत नाही, पेज बनत नाही, लोक जुळत नाहीत.

"मग पेजवरच झोपा," मी म्हटलं. "तंबू कशाला पाहिजे?"

तो हसला नाही. म्हणाला की त्यानं एक नाव ठरवूनच ठेवलं आहे. तुझं. तुझं नाव, पुढं "स्मृती", त्याच्यापुढं "नेचर कॅम्प". कुंडम रस्त्यावरचा एक रिसॉर्टवाला खर्च उचलायला तयार आहे. कमान लागेल, कमानीवर तुझा फोटो, खाली रिसॉर्टचं नाव. टाळ्या पडल्या. मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी डोळे पुसेन म्हणून.

मी नाही म्हटलं.

काहून नाही, असं चार जणांनी चार तऱ्हेनं विचारलं. त्यांना काय सांगणार? तू शाळेच्या ढालीवर स्वतःचं नाव कोरू दिलं नाहीस, वर्गातल्या पोरांची कोरलीस. तुझा फोटो कमानीवर, आणि त्याच्या खाली स्विमिंग पूलवाल्याची जाहिरात! तू पाहिला असतास तर खाटेवरून उठून चालत घरी गेला असतास, कंबर असो नसो.

मग मी विवेकला धरलं. म्हटलं, पुढच्याचं नाव ठेवायला निघालास, मागच्याचं काय झालं? मागच्या डिसेंबरात, दादा, तुझी तब्येत बिघडली, दुसऱ्याच सकाळी मी तुला गाडीत घालून शहरात आणलं. माघारी तंबू यांनी काढले. आठवड्यानं ते कांचघरला माझ्या दुकानी आले, ओलसर, खुंट्या आतच गुंडाळलेल्या, एका तंबूला चक्क भोक. शेवटचा कुणी गुंडाळला होता? विवेकनं. म्हणजे नाव त्यानं द्यायचं होतं. दिलं का? वर्ष होत आलं, तो कॅम्प बिननावाचा पडला आहे. नियम माहीत नाही आणि निघाले कमान उभारायला!

मला वाटलं, आता खाली पाहील. पाहिलंही. पण मग हळूच बोलला.

"नियम माहीत होता, काका. सरांचा शेवटचा कॅम्प होता. उसका नाम मैं क्या रखता?"

दादा, खरं सांगतो, नियमाचं मी तिथंच सोडून दिलं. भोक पाडलं ते पाडलंच.

मीटिंग तशीच फिसकटली. वहिनी आल्या होत्या, सगळा वेळ भिंतीला टेकून बसलेल्या. मी त्यांना स्कूटरवर घरी सोडलं. फाटकापाशी उतरून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही त्या पोराला नियमावरून बोललात. पण तो नियम यांनी तुमच्यासाठी केला होता. ठाऊक आहे ना?"

मला ठाऊक नव्हतं.

त्या म्हणाल्या, "पहिल्या कॅम्पला सगळे शिकलेले, मास्तर, इंजिनियर. तुम्ही दोन दिवसांत तोंड उघडलं नाही. हे मला म्हणाले, मध्याला शेवटी बोलायला लावतो, मग सगळ्यांना ऐकावंच लागेल."

काय रे हे? दया केलीस माझ्यावर? तीस वर्षं? आणि मी समजून चाललो की हक्क माझ्या हातानं कमावलाय!

आता आठवतं. सगळे तंबू काढत असायचे आणि तू त्या शेवटच्या तंबूच्या दारात चहाचा कप घेऊन उभा. हलायचा नाहीस. कुणी दोरी सोडायला आलं की त्याला पाण्याला पाठवायचास, नाहीतर चुलीची राख टाकायला. मला वाटायचं, मास्तर कामचोर आहे. ट्रकवाल्याजवळ मी तुला शिव्याही घातल्या आहेत. तू तिथं माझ्यासाठी जागा धरून उभा होतास, असं एकदा तरी सांगायचंस. सांगितलं असतंस तर मी भांडलो असतो, हे खरं. तंबू मात्र तरीही मीच गुंडाळला असता, आणि तुझ्यापेक्षा चांगला. हे लक्षात ठेव.

मागच्या वेळी तो चहाचा कप धरायला कुणी नव्हतं. म्हणून ते नाव राहून गेलं.

तर ऐक. डिसेंबरात कॅम्प होणार, माझ्याच तंबूंत, बिनकमानीचा. ज्यांना नावं फोनलाच विचारायची असतील त्यांनी घरी बसावं. भोक मी शिवलं आहे, बाहेरून दिसत नाही. निघायच्या सकाळी शेवटच्या तंबूच्या दारात मी चहा घेऊन उभा राहीन आणि कुणाला जवळ येऊ देणार नाही. विवेक येईल, त्याला येऊ देईन. तो वाकडाच गुंडाळणार. मी दात आवळून धरीन. मग त्यानं दोन नावं द्यायची, एक या वर्षाचं आणि एक मागचं. दोन्ही मी ऐकून घेईन. कसलंही नाव दिलं तरी हसणार नाही, हे वचन.

आणि तुझ्या कमानीचंही मिटवून टाकलं. आज सकाळी तो रिसॉर्टवाला स्वतः दुकानी आला होता. त्याला नऊही तंबू हवे होते आणि कमानीवर तुझं नाव लावायला घरच्यांची परवानगी. मी विचारलं, तंबूंचे किती आणि नावाचे किती? म्हणाला, "दोनों मिलाके, भैया. तीन लाख." त्याला चहा पाजला आणि नाही म्हटलं.

तुझा धाकटा,
मध्या
कांचघर, जबलपूर