वैद्यिणीचा शब्द

१४ जून, रविवार, दुपार

प्रिय पिटुकले,

आशीर्वाद आहेतच. चाळिशीला टेकलीस तरी मी पिटुकलीच म्हणणार, त्यावर नंतर भांड. इकडे ठीक आहे. तुझ्या वहिनीचा गुडघा आता कुरकुरत नाही. त्याच्या बदली मी कुरकुरतो, असं ती म्हणते. गॅलरीचं दार फुगलंय, लाथ घातल्याशिवाय लागत नाही. तुमच्या लॅबमध्ये कवळ्यांचं काम वाढलंय म्हणे. इतक्या लोकांचे दात एकदम कसे काय पडले?

तुझा निरोप मिळाला. 'दादा, मला रविवारी नाही जमणार आता. माझ्या वैद्यिणीला गोष्टीत मारून टाक, म्हणजे तुमचं अडणार नाही.' तो वाचून मी मोबाइल पालथा ठेवला आणि उगाच कपाट आवरायला घेतलं. फोन करणार होतो. पण फोनवर तू 'असू दे रे दादा' म्हणाली असतीस आणि मी सुटलो असतो. म्हणून हे पत्र.

रविवारचा हा खेळ मी सुरू केला तो आपल्या मधल्या भावासाठी, हे तुला ठाऊक आहे. आईमागे घर विकण्यावरून भांडून तो दोन वर्षं कुणाच्या दारात फिरकला नव्हता. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने गोष्टीतलं एक माणूस व्हायचं, गोष्ट मी चालवायची, अडेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा, एवढं सांगितल्यावर तो गंमत म्हणून आला आणि मग येतच राहिला. तो तलवारबाज, वहिनी चोर, तू वैद्यीण. शेजारचे हसतात, घोडे झाले तरी पोरांचे खेळ खेळतात म्हणून. हसू देत. त्या निमित्ताने आपण तिघं भावंडं एका टेबलाशी बसत होतो.

आता त्या शेवटच्या रविवारचं. तुला माहीत असलेलंही लिहितो, कारण क्रमाने लिहिलं नाही तर मी मधलं काहीतरी गाळीन. मला ती सवय आहे.

गोष्टीत घाटातला वाटमाऱ्या तुमच्या हाती लागला होता. पळून जाऊ शकत होता, पण 'तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही' असा तू त्याला शब्द दिलास म्हणून त्याने सुरा खाली टाकला. मग गडाचा किल्लेदार म्हणाला, तो माणूस द्या, दार उघडतो. मधला लगेच तयार. तू नाही म्हणालीस. भुयाराने जाऊ म्हणालीस, एक दिवस मोडेल. माझी औषधांची पेटी किल्लेदाराला द्या म्हणालीस. शेवटी, कैद्याचे डोळे बांधून बरोबर नेऊ, तो पळाला तर मला हाकलून द्या, इथपर्यंत उतरलीस. दर वेळी खाली तूच येत होतीस. मधला जागचा हलला नाही. दिवसभर लोकांना ब्रेक दाबायला शिकवतो, पण स्वतःचा काही लागत नाही त्याचा.

'हे असंच चालणार असेल तर मी निघालो,' म्हणत त्याने खुर्ची मागे सारली.

तेव्हा मी म्हटलं, फाशावर सोडू. अकराच्या वर पडलं तर पिटुकलीचं खरं. तू हो म्हणालीस. मधलाही बसला. मी नेहमीसारखा माझ्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासा टाकला आणि सांगितलं, चार.

सोळा पडले होते.

लिहिलं एकदाचं. लाज मात्र वाटतेय, कानापर्यंत.

त्या क्षणी मी विचार केला नाही असं लिहिणार होतो, पण तेही खोटं. विचार केला होता. मधला हरला तर उठून जाईल आणि पुन्हा दोन वर्षं तोंड दाखवणार नाही. तू हरलीस तर समजून घेशील. आमच्या वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर मी हेच करत आलोय: जो ओरडतो त्याचं काम आधी, जो गप्प उभा असतो त्याला 'जरा थांबा हं'. मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये म्हणतात. मी माझ्या सख्ख्या बहिणीला खणलं.

आणि याहून वाईट पुढे आहे. तू म्हणालीस, 'माझ्या शब्दावर आला होता. दारापर्यंत मीच नेते.' तिथे मला थांबता आलं असतं. पण कैद्याच्या तोंडचं बोलणारा मीच. मी तुझ्याकडे बघून म्हणालो, 'बाई, तुम्ही शब्द दिला होता ना?' ते म्हणायची काही गरज नव्हती. प्रसंग रंगला होता, मला मोह झाला. तू पाण्याचा पेला उचललास, न पिता ठेवलास. खरं काय ते माहीत असताना मी तुला तो प्रश्न विचारला, पिटुकले. तेव्हापासून मला तुझा तो चेहरा दिसतो आणि माझी मलाच शिसारी येते.

वहिनी माझ्या शेजारीच बसते. तिने फासा पाहिला होता. इतके दिवस अवाक्षर काढलं नाही. तुझा निरोप वाचून दाखवला तेव्हा म्हणाली, 'सोळा होते ना?' आणि भाजी चिरत राहिली.

काल मधल्याला गाठलं. त्याचा शिकवणीचा तास संपल्यावर त्याच्याच गाडीत, शिकाऊच्या जागी बसून सगळं सांगितलं.

'म्हणजे मी हरलो असतो तर उठून गेलो असतो, असं वाटलं तुला?'

'हो.'

तो बराच वेळ समोरची काच पुसत होता. 'गेलोच असतो,' म्हणाला. मग म्हणाला, 'उतर आता.'

आज रविवार. तो आलेला नाही, फोनही उचलत नाही. ज्याला धरून ठेवायला खोटं बोललो तोही गेला आणि जिच्याशी बोललो तीही. टेबलाशी आम्ही दोघंच आहोत.

गोष्ट माझ्या हातात आहे. कैदी सुटला, असं मी एका वाक्यात करू शकतो. पण तू त्याला चालवत दारापर्यंत नेलंस, ते कसं पुसू? वैद्यिणीला मात्र मी मारणार नाही. तिला जायचं असेल तर तू तिला घेऊन जा. माझ्या हातून एवढं झालं ते पुष्कळ झालं.

लहानपणापासून 'तू शहाणी ना, मग समजून घे' हे तुला आई म्हणाली, बाबा म्हणाले, सगळ्यात जास्त मी म्हणालो. मधल्याला एकदाही कुणी म्हटलं नाही. या पत्रात मी तुला ते म्हटलेलं नाही, नीट बघ. उत्तर देऊ नकोस, दिलंस तरी चालेल, पण 'असू दे रे' लिहून पाठवलंस तर मी ते वाचणार नाही. माझ्यावर रागव. मनापासून, दारं आपटून. आलीस तर भांडायला ये, आणि या वेळी एक पायरीही खाली उतरू नकोस.

तुझं ऐकून घ्यायला बसलेला,
दादा